उन्हाचा बर्फ

नांदेड, ८ तीर १३५१ फसली (मे १९४२)

आज पुन्हा नुसतं गार पाणी. बर्फाचा कण नाही!

सिकंदराबादच्या लिलावातून आणलेलं हे यंत्र म्हणजे दोन लोखंडी गोळे आणि मध्ये नळी. एक गोळा तापवायचा, मग पाण्यात बुडवायचा – की दुसरा थंड पडतो आणि त्याच्या खाचेतल्या वाटीत पाणी गोठतं. तापवायला घासलेटची शेगडी लागते. लढाईमुळे घासलेट कुठलं? मी आठ आरसे लावून गोळ्यावर ऊन पाडलं. आणि अख्ख्या गल्लीत मिरवलं – उन्हानं बर्फ करून दाखवतो!

आईच्या तापाचा आज तेरावा दिवस. डॉक्टर म्हणाले, मुदतीचा ताप आहे, डोक्यावर बर्फ ठेवा, चोखायला द्या, नाहीतर कठीण आहे. बर्फ मिळतो स्टेशनावर, करीमभाईच्या सोडावॉटरच्या दुकानात. आईनं तोंडच फिरवलं. जन्मभर सोवळं पाळलेली बाई. "कुणाकुणाच्या हातचं पाणी ते! मेले तरी न्हाई." मग हळूच – "तुझा चालंल, दासा. गोदागंगेचं पाणी, सूर्यनारायणाची आंच. त्यात विटाळ कशाचा?"

९ तीर

केलं. नको ते केलं.

करीमभाईचा बर्फ मागच्या दारानं आणला, वाटीत भरला आणि पडवीत आईच्या खाटेशी जाऊन म्हणालो, "झाला बघ!" तिनं आधी सूर्याला हात जोडले, मग तोंड उघडलं. मला तिच्याकडे बघवेना.

११ तीर

ताप उतरतोय. आनंदही धड होत नाही.

करीमभाई रोज आधी विचारतो, "अम्माँकू अब कैसा है?" आणि मग मोठा तुकडा निवडून देतो. त्याचा बर्फ आमच्या घरात कुठल्या नावानं जातो हे त्याला काय सांगू? आईला फसवतोय, आणि करीमभाईचं नाव चोरासारखं लपवतोय. दोघांचाही गुन्हेगार.

१३ तीर

शेजारच्या कस्तुराबाई मीठमोहऱ्या घेऊन आल्या – माझी दृष्ट काढायला! "लई डोकं हाय हो तुमच्या दासाला." आई नुसती हसली. धरणी पोटात घेईल तर बरं.

१५ तीर

यंत्राची चूक सापडली. यंत्राची कसली, माझीच! सकाळी आरसे लावून मी कचेरीत जातो. सूर्य सरकतो, आरसे तिथेच. गोळा पुरता तापतच नाही. एवढं कळायला महिना लागला मला शहाण्याला! लबाडी मात्र एका दिवसात सुचली.

उद्या जुम्मा, कचेरी बंद.

१६ तीर, शुक्रवार

दिवसभर अंगणात, आईच्या खाटेसमोर बसलो, घटकाघटकाला आरसे फिरवत. मान भाजून निघाली. पाच वाजता गोळा हौदात बुडवला आणि दिवेलागणीला वाटीत सुपारीएवढा बर्फ. खरा! तसाच नेऊन आईच्या तोंडात ठेवला.

तेवढ्यात इंदू पंचगव्य घेऊन आली. मी म्हटलं, हे कशाला? बायको माझी, पण वर बघेना. "सासूबाई रोज घेतात. बर्फ खाल्ला की लगेच. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या."

आईनं हातानं पेला बाजूला सारला.

"आज नको, इंदू."