कातडं कोरडं पाहिजे

आप्पा, आज तुमच्या गाडीच्या मागच्या दोन्ही कात्र्या उघडल्या. तुम्ही गेल्यापासून गाडी माझ्याकडंच आहे, सावेडीच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये, वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर शेजाऱ्यांची मांजर. माझ्या धाकटीचं लग्न ठरलंय आणि बाईसाहेबांनी हट्ट धरलाय की चर्चला जाईन तर आजोबांच्या गाडीतून, नाहीतर चालत. म्हणून मेकॅनिक बोलावला. तिशीतला आहे, हात चांगला, जीभ तिखट, तुम्हाला आवडला असता आणि तुमचं त्याच्याशी रोज भांडण झालं असतं. इंजिन बघून तो खूश झाला. मग मागं जाऊन त्यानं कात्री सोडवली, आतली कातड्याची काळी चकती चिमटीत धरून माझ्या नाकासमोर आणली आणि म्हणाला, "बाई, ह्यात तेल कुठल्या येड्यानं घातलं हो?" मी त्याला काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते. आधी मला नीट बसू द्या.

आता सगळे शॉकअप म्हणतात, त्यात तेल असतं, नळकांडं असतं. तुमच्या गाडीला तसलं काही नव्हतं. ती गाडी त्याच्याही आधीच्या काळातली, कुण्या मिशनच्या डॉक्टरची, तुमच्या उस्तादांच्या हाती आलेली आणि त्यांच्यामागं तुमच्याकडं. चाकाजवळ लोखंडाचे दोन हात कात्रीसारखे एकमेकांवर बसवलेले, मधे कातड्याच्या चकत्या, आणि सगळं दाबून धरायला एक मोठा नट. नट आवळला की गाडी ताठ, सैल केला की मऊ. मी शाळेत होते तेव्हा तुम्ही मला गॅरेजच्या दारात उभं करून मडगार्ड दाबायला लावलं होतं. "स्प्रिंग हाय ना, ती खड्डा झेलती. पण मग तिला उसळी येती. ती उसळी कुनीतरी गिळली पायजे का न्हाई? ती हे कातडं गिळतं, घासून घासून." कात्री कुईंऽ कुईंऽ करत होती. मी आपली शहाणी, तेलाची बुधली घेऊन आले, तर तुम्ही ती अशी हिसकावलीत की अर्धं तेल माझ्या युनिफॉर्मवर. "वाजू दे! वाजतंय म्हंजे काम करतंय. कातडं कोरडं पायजे. तेल लागलं की संपलं, मग नुसतं घसरतं." मी रडत घरी गेले. आईनं युनिफॉर्म धुतला आणि कशाचा डाग म्हणून विचारलंसुद्धा नाही. आपल्या घराची रीतच ती, गॅरेज उंबऱ्याबाहेर. हात धुऊन आत आलात की गाडीचा शब्द काढायचा नाही, हे तुम्हीच घातलेलं बंधन. तिचं शिवणयंत्र घरात, तुमची गाडी अंगणात, आणि दोघांनी एकमेकांच्या यंत्राला कधी हात लावला नाही. त्या रीतीला मी अजून शिव्या घालते, आप्पा.

आईच्या मणक्यात दुखणं शिरलं ते साल मला नकोच आठवायला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय सांगितलं ते तुम्हालाही कळलं आणि मलाही. तिला एकच ध्यास लागला, शेवगावला मोठ्या बहिणीला भेटायचं. मावशीची दृष्टी गेलेली, पायही गेलेले, ती इकडं येऊ शकत नव्हती. ती रोज निरोप धाडायची की एकदा तुझ्या तोंडावरून हात फिरवू दे. जीपमध्ये आईला पाच मिनिटं बसवत नव्हतं. तुम्ही म्हणालात, आपल्या गाडीची मागची सीट पलंगाएवढी रुंद आहे, कात्र्या नव्या करतो, हिला पाण्यातनं नेल्यासारखी नेतो. मामा हसले. "त्यो खटारा? दाजी, तुमी पन ना!" तुम्ही ऐकलं नाहीत, आणि आईही म्हणाली, "नवरी हून आले त्या गाडीतनं, मंग आता का नगं?"

ते दिवस मला आत्ता समोर दिसतायत. तुम्ही माळीवाड्यातनं जाड कातडं आणलंय, चकत्या कापल्यात, पाट्याखाली दाबून वाळवल्यात. अंगणात गाडी उभी आहे. मागच्या सीटवर उशा रचून आई रेललीय, मी मडगार्ड दाबून सोडते, तुम्ही पाना घेऊन खाली उकिडवे बसलाय. "लागतंय का?" "जरासं." तुम्ही नट केसभर सैल करता. "आता?" "आता बरं वाटतंय." मग आई हसते, किती दिवसांनी हसते, आणि म्हणते, "जल्मभर मी लोकांची मापं घेतली, आज तुमी माझं माप घेताय व्हय." तुम्ही लाजलात. मिशीतल्या मिशीत, पण लाजलात, मी बघितलंय. कात्र्या कुईं कुईं करत होत्या आणि गाडी खाली जाऊन जागच्या जागी थांबत होती, एकदासुद्धा वर उसळत नव्हती. मला मनापासून वाटलं की आता मावशीची भेट होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मी मागं, आईचं डोकं माझ्या मांडीवर. जेऊरपर्यंत रस्ता चांगला होता म्हणून कळलं नाही. इमामपूरच्या घाटात गाडी जरा झुलायला लागली. पांढरीच्या पुलापासून मिरीच्या रस्त्याला वळलो आणि पहिल्याच खड्ड्यात गाडी वर गेली, खाली आली, परत वर गेली, थांबेचना. आईच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तुम्ही बाभळीखाली गाडी घेतलीत, उतरलात, मागं वाकलात. मला काचेतून तुम्ही दिसत होतात. तुम्ही कात्रीवरून बोट फिरवलंत आणि नाकाशी नेलंत. तो वास उघड्या खिडकीतून माझ्यापर्यंतही आला. गॅरेजमधल्या तेलाचा नव्हता, शिवणयंत्राच्या तेलाचा होता.

आई धापा टाकत होती, तरी तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. म्हणाली, "आता वाजत न्हाई ना? काल दुपारी तुमी पडला हुता जरा, तवा मीच गेले भिंतीला धरधरून. चांगलं आतवर घातलं तेल. इतकी वर्सं कुरकुर ऐकली तिची. तुमाला कुटला येळ मिळायला? म्हनलं, आपल्या हातनं तेवढं तरी व्हावं." जी बाई संडासपर्यंत माझ्या खांद्यावर हात टाकून जात होती, ती अंगणाच्या पायऱ्या एकटी उतरली होती आणि गाडीमागं बसली होती. तुमच्यासाठी, आप्पा. तुम्ही खिडकीपाशी आलात. मी तुमच्याकडं बघायची हिंमत केली नाही. तुम्ही म्हणालात, "व्हय. लई बेस केलंस. अजिबात वाजत न्हाई." आणि मागं जाऊन नट आवळायला लागलात. आवळला, परत आवळला, अंगातलं सगळं बळ लावून आवळला, शेवटी आटे गेले आणि पाना तुमच्या हातातून निसटून दगडावर पडला. तेल प्यालेलं कातडं काय धरणार! मग तुम्ही पागोट्याच्या शेवानं हात पुसत तिला म्हणालात, "माझंच काम कच्चं राह्यलं गं. माघारी जाऊ. दुसरी गाडी सांगतो." आणि ती, आप्पा, तिनं खिडकीतून हात काढून तुमच्या गालाला लावला. "असू द्या. तुमी तरी काय काय करनार? मी न्हाई रागवले."

तिनं तुम्हाला माफ केलं. तिच्या चुकीबद्दल तुम्हाला माफ केलं आणि समाधानानं डोळे मिटले. परतीच्या वाटेवर तुम्ही बैलगाडीच्या चालीनं गाडी आणलीत, मागून ट्रकवाले शिव्या घालत होते. टॅक्सी सांगायची ठरली, पण रात्री तिला ताप भरला तो उतरलाच नाही. मावशीला मातीलाच उचलून आणावं लागलं. तिनं आईच्या थंड तोंडावरून हात फिरवला, परत परत फिरवला, ते मामांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. मामा मात्र कबरीपाशीच बोलले, सगळ्या गावासमोर. "ह्यांच्या खटाऱ्याच्या हौशेपायी माझ्या दोन भैनींची गाठ पडली न्हाई!" माझ्या तोंडातून शब्द निघणारच होता. तुम्ही माझं मनगट धरलंत, इतकं घट्ट की संध्याकाळपर्यंत वळ होते. "खरं हाय त्येंचं," एवढंच म्हणालात. पुढं ते दर नाताळाला ऐकवायचे आणि तुम्ही ताटात बघून जेवायचात. गाडी परत कधी रस्त्यावर काढली नाहीत. लोक म्हणायचे, म्हातारा खचला. मला वाटायचं तुम्ही निदान नवं कातडं तरी घातलं असेल. नव्हतं घातलं. आज बघितलं ना, तीच चकती, आटे गेलेला तोच नट. तुम्हाला तिचा हात लागलेलं काही काढायचंच नव्हतं, असं मी आपलं समजते. चूक असेल तर असो.

आता कबुली. मेकॅनिकनं विचारलं, कुठल्या येड्यानं घातलं, आणि मी म्हणाले, "आमच्या वडिलांनी." तो हसला. "एवढे मोठे मिस्त्री, आनि एवढं साधं कळू नये?" मीही हसले, म्हणाले, "व्हय ना." तो गेल्यावर न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. तुमच्या माथ्यावर होतंच, त्यात मी आणखी थोडं घातलं. पण दुसरं नाव माझ्या तोंडून येईना, तुम्ही अजून मनगट धरलंय माझं. नवं कातडं उद्या बसेल. ह्या दोन चकत्या मी मागून घेतल्यात, त्या आईच्या यंत्राच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्यात.

रविवारी फुलं घेऊन येईन तेव्हा हे पत्र तुमच्या दगडाखाली सरकवायचं असं लिहायला बसताना मनात होतं. पण तुमची सवय मला ठाऊक आहे. घरात आलेला प्रत्येक कागद तुम्ही तिला मोठ्यानं वाचून दाखवायचात, लग्नपत्रिका काय आणि विजेचं बिल काय, ती यंत्रावर बसलेली आणि तुम्ही उंबऱ्यावर. ती आता तुमच्या शेजारीच आहे, हातभर अंतरावर. म्हणून पत्र माझ्याकडंच ठेवते, आप्पा. तिला ऐकू जाईल.