मेल्यावर पॉइंट चालत नाहीत

मी, सुलक्षणा धाकू राऊळ, वय वर्षे एकोणऐंशी (आधार कार्डाप्रमाणे, माझ्या आईप्रमाणे दोन जास्त), राहणार नाहूर पश्चिम, मुंबई, असे लिहवून ठेवते की, माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी माझ्यावर जोर केलेला नाही आणि या घरात माझ्यावर जोर करील असे अजून कोणी जन्मलेले नाही. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. त्यांनी मला आजची तारीख विचारली, ती मी सांगितली. मग मी त्यांना विचारले की आज लग्नाची तिथी आहे का, ते त्यांना सांगता आले नाही. दाखला मात्र मलाच लागला.

मला अक्षर येत नाही. आकडे येतात. म्हणून मी बोलते आहे आणि माझी नात रुचिरा, जी दिंडोशीच्या कोर्टात वकिली करते, ती लिहिते आहे. मी सांगेन तेच तिने लिहायचे असे ठरले आहे. ती मधे मधे "आजी, हे मृत्युपत्रात नाही बसत" म्हणते. न बसणारे बसवून घेणे हे माझे आयुष्यभराचे काम आहे, त्यामुळे तेही लिहावे.

एक. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात "माझ्या मागे तुला सुईसुद्धा मिळणार नाही" असे मी ज्यांना ज्यांना म्हटले, ते मृत्युपत्र समजू नये. अशी माणसे पुष्कळ आहेत.

दोन. नाहूरचे राहते घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझा मुलगा सुबोध आणि सून माधुरी यांना मिळून द्यावे. कागदावर माधुरीचे नाव आधी घालावे. सुबोध विचारील का. त्याला सांगावे की पाण्याची वेळ तिला माहीत आहे, तुला नाही.

तीन. बँकेत जे असेल ते माधुरीचे. दागिने म्हणण्यासारखे जे आहे ते मोठी नात ऋतिका हिचे. रुचिराला या कागदातून काहीही मिळणार नाही, कारण लिहिणाऱ्याने स्वतःला लिहून घेतले की भाऊबंद कोर्टात जातात, असे तीच म्हणाली. म्हणून तिचा वाटा तिच्या ताटात आताच वाढला आहे. ती लिहिताना खाते आहे. अक्षर तेलकट दिसल्यास त्याचे कारण हे.

चार. माझी हत्यारे. लग्न करून मी लालबागला आले त्या खोलीत गिरणीतले गाववाले जेवायला येत. माझे यजमान, कैलासवासी धाकू, गिरणीत होते आणि मी खानावळ चालवीत असे. त्या वेळची दोन मोठी टोपं आणि डाव माळ्यावर आहेत. ती ज्याला उचलता येतील त्याची.

खानावळीतला एक नियम इथे सांगून ठेवते, कारण पुढच्या कलमाला तो लागणार आहे. जेवणारा गैरहजर राहिला की त्याचा खाडा धरायचा, आणि तो खाडा त्याला दुसऱ्या कुठल्या जेवणात वळता करून मिळायचा. यातले हुशार लोक काय करीत? उसळीच्या दिवशी पैसे भरून जेवत आणि खाडे राखून ठेवून रविवारी, मटणाच्या दिवशी, पाहुणा घेऊन येत. मग मी नियम काढला की रविवारी खाडा चालणार नाही. त्यावर भांडणे झाली. मग मी म्हटले, बरं, चालेल, पण आधी येणाऱ्या दोघांनाच.

एक जेवणारा तर खाडे नुसते साठवीतच राहिला. मोठ्या सणाला वापरीन म्हणे. संप झाला, तो गावी गेला, परत आलाच नाही. त्याचे खाडे अजून माझ्याकडे आहेत. ते मी कोणाला देऊ, हे रुचिराला विचारले. तिच्या कायद्यात त्याला उत्तर नाही.

पाच. हॉटेलचे पॉइंट.

हे कलम सगळ्यांनी नीट ऐकावे. सुबोधने बसून ऐकावे.

ऋतिकाचे लग्न अंधेरीला विमानतळाजवळच्या हॉटेलात झाले. नवरदेवाकडची माणसे बाहेरगावची, म्हणून त्यांना तिथल्या खोल्या दिल्या होत्या. सुबोध मांडवात अडकलेला, त्यामुळे काउंटरवर मी उभी होते, आणि माझ्याबरोबर माझी धाकटी जाऊ पद्मजा. ती कांजूरमार्गला राहते. काउंटरवरच्या पोराने विचारले, "मावशी, एवढ्या खोल्यांचे पॉइंट मिळतात. कुणाच्या नावावर घालू?"

आता पॉइंट म्हणजे काय, हे कुठल्याही शहाण्या माणसाला माहीत आहे. भिंतीला बटण असते, त्यात पिन घालतात, तो पॉइंट. मला वाटले, एवढे मोठे हॉटेल, लग्नाच्या मोबदल्यात वायरमन पाठवून देत असतील. मी म्हटले, "माझ्या नावावर घाल बाबा. असतील तेवढे घाल." आणि फोन नंबर दिला.

पद्मजा मागून म्हणाली, "वयनी, एक तरी माका सांग गो. फ्रीज काढल्याशिवाय मिक्सर लागणा नाय."

मी म्हटले, "गप ऱ्हव. व्याह्यांच्या माणसांसमोर मागतंस काय?"

ती जेवली नाही. रिक्षा करून निघून गेली. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद. लग्नाला तीन वर्षे झाली. या कलमात माफी मागितलेली नाही, रुचिराने ती शोधू नये. चूक कोणाची असेल तर "पॉइंट" या शब्दाची आहे.

ते पॉइंट बटणाचे नव्हते, झोपायचे होते, हे पुढे सुबोधकडून कळले. तेवढ्यावर त्याच हॉटेलात दोन रात्री फुकट राहता येते. मी लगेच म्हटले, चला. त्यावर त्याने मला जे सांगितले ते असे.

श्रावणात: "आई, आत्ता खोलीचा रोखीचा भाव पडलाय. अशा वेळी पॉइंट जाळायचे नसतात."

"मग रोख भर."

"घर नाहूरला असताना अंधेरीला जाऊन रोख भरून झोपायचं? वेड लागलंय का?"

मार्गशीर्षात, लग्नसराईत: "आज भाव दुप्पट आहे बघ. पॉइंट वापरायला झकास दिवस."

"मग वापर."

"पण पॉइंटवाल्या खोल्या आज संपल्यात ना."

म्हणजे स्वस्त असेल तेव्हा जायचे नाही आणि महाग असेल तेव्हा जाता येत नाही. सुबोधचा हिशोब चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. खाडा रविवारीच वळता करावा, हे मलाही पटते. पण रविवार आला की याचे पोट बिघडते, त्याला काय करायचे? मधे एकदा पॉइंट देऊन ट्रॉली बॅग मिळते म्हणून तो "आई, ओटीपी सांग" करीत आला होता. दोन रात्री देऊन एक बॅग. ओटीपी माझ्या फोनवर येतो आणि आकडे मला वाचता येतात, हे त्याच्या लक्षात राहत नाही. मी त्याला गॅसवाल्याचा जुना ओटीपी सांगितला.

पॉइंट वापरले नाहीत तर मरतात, म्हणून तो वर्षातून एकदा त्या हॉटेलात जाऊन एक कॉफी पितो आणि माझा नंबर सांगतो. तेवढ्याने ते जिवंत राहतात. मलाही तो वर्षातून एकदाच तपासून आणतो.

मग हे मृत्युपत्र करायला बसलो तेव्हा मी रुचिराला म्हटले, लिही, पॉइंट अमक्याला. तिने फोनवर हॉटेलचे नियम काढून वाचले आणि तिचा चेहरा पडला. "आजी, हे कुणाला देता येत नाहीत. सभासद वारला की पॉइंट रद्द."

"वारसाला नाही?"

"कुणालाच नाही."

मला इतका आनंद झाला की मी चहा टाकायला लावला. माझ्या नावावरचे घर, बँक, टोपं, सगळे माझ्यामागे कुणाला तरी मिळणार. फक्त ही एकच गोष्ट अशी निघाली की जी मलाच वापरावी लागेल. मी रुचिराला म्हटले, बघ लग्नाची तिथी. तिने चार डिसेंबर काढली. भाव चढलेला होता आणि पॉइंटवाली एकच खोली शिल्लक होती. सुबोध बाहेरून ओरडला, "थांबा, आठवड्यानं बघू, कदाचित दोन खोल्या—" तोपर्यंत मी ओटीपी वाचला होता. हा खरा.

सहा. खोलीत दोन माणसे चालतात. दुसरे कोण, यावर घरात बरेच झाले. माधुरी म्हणाली, आई, तुम्हाला सोबत लागेल. सुबोध म्हणाला, नाश्ता कुणाला तरी खाता आला पाहिजे. ऋतिकाने तर पुण्याहून बॅग भरली. मी कोणाला काही बोलले नाही. रुचिराला म्हटले, पद्मजाला लाव फोन.

पद्मजाने माझे नाव ऐकून रुचिराला सांगितले, "तुझ्या आजीक सांग, माझ्या घरात आता नवीन वायरिंग झाला. पॉइंटच पॉइंट आसत."

मी फोन घेतला. "पद्मे, ते बटणाचे नव्हते गो. झोपायचे होते."

"झोपायचे? कोणाबरोबर?"

"माझ्याबरोबर. हॉटेलात. दोन रात्री."

मग पद्मजाने विचारले, "दार आतून लागता?"

हे तिने का विचारले, ते नातवंडांना कळावे म्हणून लिहवते. लालबागच्या त्या एका खोलीत आम्ही दोघी नव्या नवऱ्या एका चटईवर झोपत असू. आमचे यजमान बाहेर गॅलरीत. तिन्ही पाळ्यांची माणसे जेवायला येत, त्यामुळे दाराची कडी कधी लागली नाही. पहिल्या पाळीचा उठला की त्याचा चहा, तिसऱ्या पाळीचा आला की त्याचे ताट. डोळा लागला की कोणीतरी म्हणे, वयनी, वाढता का? पद्मजा माझ्या कानात म्हणायची, "वयनी, एकदा कडी लावून झोपूया. मरेनात सगळे." आम्ही पदर तोंडात धरून हसायचो. लावली मात्र कधीच नाही.

मी फोनवर सांगितले, "लागता. साखळीपण आसा."

"बघतंय," एवढे म्हणून तिने फोन ठेवला. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही. ती तशीच आहे. माझी बॅग मात्र मी त्याच दिवशी भरली, आणि रोज काढून परत भरते आहे.

सात. यापुढचा मजकूर हॉटेलात लिहवून घेतला आहे. कारण असे की मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि मी रुचिराला म्हटले, कागद बरोबर घे, तिथे बघू.

आम्ही पोचलो तर काउंटरसमोरच्या मोठ्या खुर्चीत पद्मजा आधीच बसलेली. मांडीवर पिशवी. कांजूरमार्गहून रिक्षाने आली म्हणे. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "म्हातारी झालंस गो."

मी म्हटले, "तू कधी झालंस, ता बघूक मी नव्हतंय."

काउंटरवर सिंथिया नावाची बाई होती, मरोळ गावठाणातली, मराठी स्वच्छ. तिने विचारले, "आजी, पेमेंट कार्डने की पॉइंटने?" आम्ही दोघी हसायला लागलो ते थांबेना. सिंथियाने पाणी आणून दिले.

खोली चांगली आहे. पलंगावर लालबागची चार माणसे आडवी झोपली असती. पद्मजाने भिंतीला हात लावून पॉइंट मोजले आणि म्हणाली, "बघ, ह्यांच्याकडे एवढे आसत, आणि एक देऊक मेले तयार नव्हते."

आठ. साक्षीला सिंथिया तयार झाली. तिचे काम सांभाळून वर आली. दुसरी साक्षीदार पद्मजा. ती चौथी शिकली आहे, सही करते आणि ते दर पाच मिनिटांनी ऐकवते. पण रुचिरा म्हणाली, जो साक्षीदार असतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. आणि मी तर माझ्या सासूबाईंचा पाटा-वरवंटा पद्मजाला लिहायला सांगितला होता. तो नाहूरला माझ्याकडे राहिला, यावर ती पूर्वीपासून नाराज आहे.

पद्मजा म्हणाली, "सही केली तर पाटो नाय?"

रुचिरा म्हणाली, "नाही, काकीआजी. दोन्हीपैकी एक."

"मगे दुसरो साक्षीदार आण. मी पाटो घेतंय."

मी म्हटले, "सही कर. पाटा मी मेल्यावर घेऊन काय करशील? तू माझ्यापेक्षा चारच वर्षांनी लहान. वाटण करून जेवणार कोण?"

तेव्हा ते कलम खोडले आहे. पाटा मृत्युपत्रातून काढला. शनिवारी सकाळी सुबोधने तो स्वतः उचलून कांजूरमार्गला पोचवावा, आणि रविवारी पद्मजाने त्यावर वाटण करून मला जेवायला बोलवावे. मी येणार. या दोन ओळी मृत्युपत्राचा भाग नाहीत, त्या मी हयात असताना पाळायच्या आहेत.

नऊ. या कागदाची अंमलबजावणी माधुरीने करावी. दोन रात्रींनंतर जे थोडे पॉइंट उरतील त्यांत खोली मिळत नाही, असे सिंथियाने बघून सांगितले. त्यांची सुबोधने कॉफी प्यावी, पण माझ्यासमोर, आणि मलाही एक सांगावी.

दहा. वरील सर्व मजकूर रुचिराने मला दोनदा वाचून दाखविला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. अंगठा मी दोन्ही साक्षीदारांच्या देखत उठवीत आहे. सह्या झाल्या की रुचिराने कागद घेऊन घरी जावे आणि सिंथियाने खाली जावे. सकाळपर्यंत कोणी दार वाजवू नये, नाश्त्यालाही नाही. पद्मजा साखळी हातात धरून दाराशी उभी आहे आणि मला "आटप गो" म्हणते आहे.

लिहून देणार : सुलक्षणा धाकू राऊळ, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार :
१. पद्मजा राऊळ, कांजूरमार्ग पूर्व (सही, पूर्ण नावाने, मराठीत)
२. सिंथिया परेरा, मरोळ गावठाण (सही)

लेखन : ॲड. रुचिरा सुबोध राऊळ

ठिकाण : हॉटेलची खोली, सातवा मजला, अंधेरी पूर्व, मुंबई
दिनांक : ४ डिसेंबर २०२५