परसातल्या आवळ्याच्या झाडाचे वाटप

श्री गजानन प्रसन्न.

या आठवड्यात घरी आले: परसातले आवळे सतरा किलो, किंमत काही नाही, साखर सहा किलो, पंचेचाळीस रुपये, वेलदोडे, चार रुपये. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, तेवढे वाचले.

मी भागाबाई चुडामण पाटील, वय एकसष्ट, मॅट्रिक, राहणार भडगाव. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. माझ्यामागे असे व्हावे:

१. घर मुलगा लीलाधर यास.

२. चिनी मातीच्या बरण्या, किसणी व देवघर सून लताबाई हिला. मोरावळा लोखंडी कढईत करू नये, काळा पडतो.

३. सासऱ्यांनी माझ्या नावे केलेले परस, झाडासह, लताबाईला. लीलाधरला ते तोडायचे आहे. म्हणतो, "झाड ऱ्हायनं ते ट्रॅक्टर कोठे लावू माय, तुना देवघरमा?" त्याने गल्लीत लावावा. याच झाडाने माझे पित्त तीस वर्षे आवरले, केस साठीपर्यंत काळे ठेवले. डॉक्टर म्हणतात, क जीवनसत्त्वात संत्रेही याच्यापुढे फिके. सावलीत सुकवला तरी बराच गुण टिकतो. एवढे औषध देऊन देवाने फी घेतली नाही.

तरी मी चुकले. गेल्या साली लताबाईला सातवा महिना होता, हिरड्यांतून रक्त येई. डॉक्टरांनी रोज आवळा सांगितला. आमच्यात तुळशीच्या लग्नाआधी आवळा तोंडात घालत नाहीत. मी तिच्या पदरातले आवळे काढून घेतले. "तुना माहेरमा तुळस नही शे का वं?" ती म्हणाली, "तुळशीला मी सांगीन आत्या, हिरड्या माझ्या आहेत." बाळंतपणाला रावेरला गेली ती आली नाही. नात दहा महिन्यांची झाली, मी तोंड पाहिले नाही.

पुढे कीर्तनकारबुवांना विचारले. ते म्हणाले, "आजाऱ्याला आणि गर्भारणीला नेम नाही, बाई." हे मी आधी विचारायला हवे होते. यंदा तुळशीचे लग्न व्हायचे आहे, तरी आवळे उतरवले. पहिला नैवेद्य दाखवून मीच खाल्ला.

४. झाड तोडायचे की ठेवायचे, हे लताबाईने ठरवावे. लीलाधरने मध्ये बोलू नये.

साक्षीदार: रतिलाल वना पाटील, भाईदास तोताराम महाजन. दोघांसमोर सही केली.
सही: भागाबाई चुडामण पाटील
भडगाव, २८ ऑक्टोबर १९८७

चि. सौ. लताबाईस, ही नक्कल तुझ्यासाठी. सोबतच्या डब्यात मोरावळा आहे. मी रावेरला आले तर दार उघडशील का, ते उलट टपाली कळव.