नुसतं यस आणि ओके

आई, आज दुपारी कँटीनमध्ये भात चिवडत बसले होते आणि तुझं ते इंग्रजी कानात घुमायला लागलं. "नो वरी नथिंग, मामा. नोबडी नो हर्ट यू." इथे सौदीत, दम्मामच्या खासगी हॉस्पिटलात तू नर्स होतीस, आणि ऑपरेशनला नेताना घाबरलेल्या म्हाताऱ्या बायकांना, इथल्यासारखं 'मामा' म्हणजे आई म्हणत, हेच सांगायचीस. अरब, सुदानी, बंगाली, सगळ्यांना बरोब्बर कळायचं. त्या तुझा हात सोडायच्या नाहीत.

आणि मी, इंडियन स्कूलची मोठी शहाणी! तू ओट्याशी नारळ खवतेयस, मी पुस्तक घेऊन उभी. दोन नकार आले की होकार होतो असं टीचर म्हणाल्या, म्हणजे तू पेशंटला दुखेल असंच सांगतेस, असं तुला ऐकवतेय. तू मानही वर न करता म्हणतेस, "मी 'नको नको' म्हटलं की आणखी वाढतेस का गं?" आपल्याकडे तर वाढतातच, मी म्हणते. तू इतकी हसलीस की खोबरं खाली सांडलं. म्हणालीस, "खरं काय ते तोंड बघून कळतं."

पुढे इन्चार्ज सिस्टरच्या जागेसाठी तुझा इंटरव्ह्यू झाला, तिथे तुझ्या या बोलण्याची थट्टा झाली. जागा दुसरीला गेली, त्याचं तुला एवढं वाटलं नाही. पण त्या दिवसापासून तू पेशंटशी नुसतं यस आणि ओके बोलायला लागलीस. निवृत्त होऊन रत्नागिरीला जाईपर्यंत तेवढंच. तू हे जग सोडूनही आता बरीच वर्षं झाली, पण ते आठवलं की अजून जीव तुटतो माझा.

आता इथे दम्माममध्येच दुसऱ्या हॉस्पिटलात नर्सेसचे इंटरव्ह्यू घ्यायला मी बसते. मागच्या महिन्यात केरळची एक मुलगी आली. चुकीचं औषध कधी दिलंयस का, असं विचारल्यावर छातीवर हात ठेवून म्हणाली, "आय नेव्हर गिव्ह नो राँग मेडिसिन टु नोबडी." अगदी तुझा सूर. आमच्या डॉक्टरांनी तिचे नकार बोटांवर मोजले आणि विचारलं, मग दिलंस की नाही दिलंस? खोलीत हशा पिकला. नंतर लिफ्टपाशी तिनं मला गाठलं. "मॅडम, मैंने क्या गलत बोला?" मी म्हटलं, "कुछ नहीं." तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

नोकरी मिळाली तिला. आज सकाळी वॉर्डात गेले तर ऑपरेशनला निघालेली एक म्हातारी तिचा हात धरून रडत होती, काहीबाही विचारत होती. आणि ही पोरगी नुसतं यस, ओके, यस, ओके.

हे कागद मी ड्रॉवरमध्ये टाकणार, दुसरं काय करणार? तुझ्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून एवढं लिहिते. त्या खोलीत मीही हसले होते, आई.