रामीच्या चोळ्यांचं भरतकाम

लाडक्या मोटीबेनला धाकट्या जसूचा जय मुरलीधर.

इथल्या खाऱ्या रणातला वारा मला सोसतोय, काळजी नको. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझ्या नारणसाठी पाहिलेली रामी गोड आहे, पण रीतीप्रमाणे लग्नाच्या चोळ्या तिनंच भरल्यात का, असा मला संशय आला. शाळेत शिवण शिकवणाऱ्या सिस्टरांनी लावलेली सवय. मी प्रत्येक चोळी उलटून पाहिली. काम सुरेख, पण रामीच्या बोटांवर सुईची खूण नाही!

"मासी, पोलिसात होतात का?" तिची काकू हसली.

"मुलाची मासी पोलिसापेक्षा वाईट," मी म्हटलं.

काकू बाहेर गेल्यावर मी रामीला कापडावर छोटा आरसा सुईनं टाकायला दिला. तिला जमेना, ती रडायलाच लागली. तेवढ्यात तिचा भाऊ वाघो चहा घेऊन आला. त्याची बोटं टोचून टोचून खरखरीत झालेली.

"आई गेल्यापासून म्हशी ही बघते, मासी. मी दार लावून भरतो. लोकांना कळलं तर मला बायल्या म्हणतील आणि हिचं लग्न मोडेल."

दारात बायकांनी विचारलं, "पसंत का?"

"असा हात आपल्याकडे कुणाचाच नाही," मी म्हटलं. काकू खाली बघत होती. तिलाही ठाऊक असावं.

मोटीबेन, होकार कळव. आणि सून घरी आली की चारचौघांत तिच्या हाती सुई देऊ नकोस.

तुझी संशयी,
जसू