आई कुणाच्या नावावर

ता. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आणि फोनवर तुला माझं ऐकू येत नाही हे मला बिलकूल पटत नाही. पैसे पाठवले म्हटलं की तुला खणखणीत ऐकू येतं. आईला यंदा मी माझ्या नावावर दाखवणार आहे म्हटलं की खरखर सुरू होते. म्हणून हे पत्र. यात खरखर नाही, आणि अर्ध्यात ठेवून देता येत नाही.

काल कर कचेरीचं पत्र आलं. माझा परतावा अडकवला आहे. एकाच आईवर दोघांनी हक्क सांगितला, एक मी आणि दुसरी तू. त्यांना वाटलं असेल, एक तर ही बाई दोन घरी जेवते, नाहीतर दोन्ही पोरं लबाड आहेत.

मी सातवीपर्यंतच शिकलो हे तू संधी मिळेल तेव्हा काढतेस, म्हणून मला काय समजलं ते लिहितो. माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर दोन कापण्या असतात. एक राज्याची, ती बारीक. दुसरी मध्यवर्ती सरकारच्या प्राप्तिकराची, ती चांगली जाडजूड. मला वाटायचं सवलत म्हणजे सरकार खिशातून काहीतरी देतं. तसं काही नाही. वर्षभर माझंच कापतात आणि मी योग्य कारण दाखवलं तर त्यातलं थोडं माझं मला परत करतात. म्हातारी आई किंवा बाप ज्याच्या जिवावर जगतात, त्याला हे कारण दाखवता येतं. पण एका आईवर एकाच लेकराला सवलत. तिचा निम्म्याहून जास्त खर्च ज्याचा, त्याची ती. आता सांग, दर महिन्याला पाच हजार कोण पाठवतं?

मला अठरा हजार परत मिळायचे होते. जड वाहन चालवायला शिकवणाऱ्या शाळेची फी वीस हजार आहे. एप्रिल संपायच्या आत भरली तर माझी जागा राहील, नाहीतर दुसऱ्याला देतील. मी इथे काय करतो ते तुला माहीत आहे. दवाखान्यांच्या ओल्या चादरी इस्त्रीच्या मोठ्या रोलरच्या तोंडात सरळ करून भरायच्या. एकजण डावं टोक धरतो, मी उजवं. वाफेने हातावर केस म्हणून उरला नाही. तू म्हणशील, झालं, हेही काम सोडायला निघाला. हो, निघालो. आजवर नुसतं सुटायला सोडायचो, या वेळी कुठेतरी जायचंय म्हणून सोडतोय.

तर भाऊजींना सांगून तुझ्या विवरणपत्राची दुरुस्ती कर आणि आईला माझ्याकडे सोड. कागदावर गं. खरीखुरी तुझ्याकडेच राहू दे.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर त्याच्यावरही कर बसेल.

तुझा
भिंगरी
(नाव तूच पाडलंस)

ता. १५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या भाऊजींनी मोठ्याने वाचलं आणि तुझ्या कर कचेरीच्या प्रवचनाला मान डोलावली. मी डोलावली नाही.

निम्म्याहून जास्त खर्च म्हणतोस. पाच हजार पाठवलेस की तुझं महिन्याचं मुलगेपण आटोपतं. दाढ दुखते म्हणून रांगेत तिच्याबरोबर मी बसते. औषधांच्या दुकानातल्या नोकरीत दिवसभर उभी राहून आल्यावर तिच्या पायांना तेल मी लावते. तिची खोली, तिचा दिवा, तिचं पाणी माझ्या घरातलं. त्याचा आकडा कुठल्या रकान्यात घालायचा ते तुझ्या कचेरीला विचार. आमच्या कर सल्लागाराने स्पष्ट सांगितलं की आई तुमच्या छपराखाली राहते, बिनधास्त दाखवा. दाखवली. नऊ हजार वाचले. त्यात घराचा हप्ता भरला. आता मी दुरुस्ती करायची म्हणजे ते नऊ हजार व्याजासकट परत करायचे, आणि ते कशासाठी, तर तुला ट्रक चालवता यावा म्हणून. शेजाऱ्यांची सायकल त्यांच्याच कुंपणात घातलेला माणूस तू. रस्त्यावरच्या लोकांचाही थोडा विचार कर.

आणि आई काही तुझ्या चिंतेने झुरत नाहीये. मजेत आहे. मागच्या खोलीत गल्लीतली पाच-सहा पोरं दिवसभर सांभाळते. त्यांचे आईबाप कामावर जातात, तेवढाच तिचा वेळ जातो. घरात गोंगाट असतो, पण मी बोलत नाही.

तब्येत सांभाळ. रोलरपाशी लांब बाह्यांचा शर्ट घालत जा, हे मी तुला दहादा सांगितलं आहे. रागावलास तरी तुझ्यावरची माया आटायची नाही, पण आई सोडणार नाही.

तुझी
ताई

ता. २४ मार्च

ती. आईस,
शि. सा. न.

तुला कधी वेगळं पत्र लिहिलं नाही, कारण ताईला लिहिलं की तुला पोचतं असं धरून चाललो होतो. आता ताईला लिहून उपयोग नाही.

आमच्या धुलाईखान्यात पगाराचा हिशोब ठेवणारी बाई आहे. तिच्याकडे गेलो. तिने आधी मला जमिनीवर आणलं. मी समजत होतो, अठरा हजार हा नुसता पहिला हप्ता, आईपोटी जेवढी वजावट लिहिली आहे तेवढे सगळे पैसे हातात येणार. ती म्हणाली, नाही, तेवढी रक्कम तुझ्या उत्पन्नातून वजा होते आणि तिच्यावर जो कर बसला असता तोच फक्त सुटतो. या घोळात मी ड्रायव्हिंगच्या शाळेतल्या माणसाला आधी पूर्ण वर्षाची फी रोख भरतो म्हणून ऐट मारून आलो होतो. असो. अठरा हजारही मला खूप आहेत.

ती बाई म्हणाली, भांडण मिटवायचा एकच मार्ग आहे. आईच्या वर्षाच्या खर्चाची नोंद मागव. किराणा, औषधं, दिवाबत्ती, कपडे. कशाला किती लागले आणि ते कुणी दिले. ज्याचं पारडं जड, त्याला सवलत, दुसऱ्याने गप्प बसायचं. कचेरी ते मान्य करते.

तर आई, तू स्वतःच्या हाताने लिहून दे. पंचाईत होईल म्हणून गोड बोलू नकोस. ताई जवळ बसली असेल तरी लिही. दोघांपैकी कुणाचं खातेस तेवढं मला कळू दे. एप्रिल जवळ आला आहे. परवा माझ्या डाव्या टोकाच्या जोडीदाराची बोटं रोलरमध्ये जाता जाता वाचली. तो हसला आणि पुढची चादर उचलली. मला त्याच्या हसण्याचीच भीती वाटली.

पायांवर हात ठेवून
तुझा मुलगा

ता. २ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू विचारलंस, कुणाचं खातेस. माझं खाते.

दोन वर्षांपूर्वी पोरं सांभाळायला घेतली तेव्हा लोक हातात काहीतरी ठेवायचे. मग पोरं वाढली, तसे रीतसर महिन्याचे ठरले. त्यातल्या एका पोराचा बाप, तो चष्मेवाला, गेल्या वर्षी माझ्याकडे आला आणि खूप अवघडून म्हणाला की मावशी, तुमचा कराचा नंबर लागेल. दोघं नवराबायको कामाला जात असतील तर पोर सांभाळायला जे द्यावं लागतं त्यावर त्यांनाही कसली सवलत आहे म्हणे. पण पैसे कुणाला दिले ते नंबरासकट सांगावं लागतं. माझ्याकडे कसला नंबर. मग तोच मला कचेरीत घेऊन गेला. नंबर काढला. खिडकीतल्या मुलीने विचारलं, व्यवसाय काय. मी म्हटलं, पोरं सांभाळते. तिने न हसता तसंच लिहून घेतलं. मला बरं वाटलं.

त्या वर्षापासून मी विवरणपत्र भरते. थोडा कर बसतो, तोही भरते. त्या मुलीनेच सांगितलं होतं की आजी, आता तुम्हाला कुणाच्या नावावर दाखवता येणार नाही, तुमची कमाई सवलतीच्या मर्यादेच्या वर गेली आहे. मला वाटलं, कुणी दाखवणारच असेल तर आधी मला विचारेल. म्हणून घरी बोलले नाही. तुम्ही दोघांनी मला वाटून घेतलंत, पण कुणी मागच्या खोलीत येऊन विचारलं नाही.

किराणा माझ्या पैशातून येतो. विजेचं बिलही मी देते. तुझे पाच हजार घराच्या हप्त्यात जातात. मला माहीत होतं. गप्प बसले, कारण त्याच छपराखाली मीही झोपते, आणि ताईच्या नवऱ्याचं काम मध्ये सहा महिने बंद होतं ते तिने तुला कळवलं नाही. तिच्यावर फार तोंड टाकू नकोस. पायांना तेल ती खरंच लावते.

एक मागते. ताई मागते म्हणून पाठवू नकोस. कचेरी परत देते म्हणून तर मुळीच नको. यातलं काहीही परत येणार नाही असं धरून, मला द्यावंसं वाटतं तेवढंच पाठव. माझ्या नावाने. काही नाही वाटलं तरी आशीर्वाद कमी होणार नाहीत, पण आकडा खरा असू दे.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी
आई

ता. १९ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद आहेत, आज मोजकेच.

कचेरीचा निकाल आला. तुझाही हक्क फेटाळला, माझाही. तुझं बरं आहे, तुला मिळायचे ते मिळाले नाहीत एवढंच. मला यंदाचे नऊ हजार आणि गेल्या वर्षीचे तेवढेच परत करायचे आहेत, वर व्याज. कर सल्लागार आता म्हणतो, आजींची कमाई आहे हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी काय सांगणार? पोरांची नाकं पुसण्याला उत्पन्न म्हणतात हे मला कुणी सांगितलं होतं? ती किराण्याचे पैसे माझ्या हातात ठेवायची तेव्हा मी त्यांना आईचे पैसे म्हणायचे. कमाई म्हटलं नाही, हे माझं चुकलं.

तुझे पैसे हप्त्यात गेले. हो, गेले. आई काय आभाळाखाली झोपते? तू एकदा तरी विचारलंस का, घर कसं चाललं आहे म्हणून? तुला विचारायचं होतं ते एवढंच, की आई कागदावर कुणाची. मलाही तेवढंच विचारायचं होतं, म्हणून तुला नावं ठेवायला मला तोंड नाही.

आई घरात हसते-बोलते, पण पोरांशी. माझ्याशी कामापुरतं. काल तेल लावायला बसले तर तिने पाय ओढून घेतले नाहीत, पण डोळे मिटून घेतले.

तुझे पाच हजार थांबले तर मे महिन्याचा हप्ता चुकेल. कळवलं. आता ठरवणारा तू.

ताई

ता. १ मे

ती. आईस,
शि. सा. न.

शाळेतली जागा काल गेली. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, पुढच्या वर्षी ये, तुझं नाव वर ठेवतो. मी परत आलो आणि संध्याकाळच्या पाळीला उजवं टोक धरलं. लांब बाह्यांचा शर्ट घातला होता, ताईला सांग.

तू मागितलेला आकडा काढायला बसलो तर चादरी भरण्यापेक्षा अवघड काम निघालं. आधी सवयीने पाच हजार लिहिले. बघितलं तर तो आकडा ताईचा. कितीतरी महिने मी तोच पाठवत होतो आणि स्वतःला मोठा मुलगा समजत होतो. तो मी कधी ठरवलाच नव्हता. तिने एकदा फोनवर सांगितला होता. मग मनात आलं, एकही पैसा नको, ती स्वतःचं खाते, आपण कशाला. तो आकडा माझ्या रागाचा होता, म्हणून तोही खोडला.

मग सरळ बसलो. दोन्ही कर कापून हातात येतात ते. त्यातून खोली आणि खाणावळ. पुढच्या वर्षीच्या शाळेसाठी बाजूला ठेवायचे ते. ताईला हप्त्यासाठी यापुढे दीड हजार वेगळे पाठवणार आहे, तिच्या नावाने, आणि हे घरासाठी आहेत असं लिहून. बाकीचं तिचं ती बघेल. तिला हे पुरणार नाहीत हे मला माहीत आहे. माझ्याकडे याहून जास्त नाही, आणि असलं तरी आता इच्छा नाही. तुला वाईट वाटेल, पण तू खरं मागितलंस.

उरले त्यातून मला स्वतःसाठी थोडे हवेत. सुट्टीच्या दिवशी कुठल्याही गाडीत बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन येतो, तेवढी चैन ठेवली. राहिलेला आकडा इतका लहान दिसला की लाज वाटली, म्हणून त्यात भर घातली. रात्रभर भर तशीच राहिली. सकाळी ती काढून टाकली. लाजेचे पैसे तू ओळखशील.

हे पैसे मी कुठल्याही विवरणपत्रात दाखवणार नाही. दाखवायला रकानाही नाही. तू याचा किराणा आणू नकोस, बिल भरू नकोस. कशाला लावलेस ते मला कळवूही नकोस.

माझ्यावरचा लोभ तुझ्या मर्जीने, जेवढा खरा असेल तेवढाच ठेव.

तुझा
धाकटा

सोबत तुझ्या नावाने: अकराशे.