पितृपक्षात घेतलेलं घर

मी सुवर्णा त्र्यंबक खांबेटे, वय एकाहत्तर, राहणार मिनेसोटात, सेंट क्लाउडजवळ, तळ्याकाठी. हे माझ्या हाताने लिहिते. शाळा सातवीपर्यंत. डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, लाडीगोडीही लावलेली नाही. याआधी असं काही लिहिलं नव्हतं आणि पुन्हा लिहिणार नाही, म्हणून हेच खरं धरायचं.

एक. घर. हे माझं एकटीचं आहे, ते माझी मुलगी रेणू हिला. ती बॉथेलला असते, नवरा-बायको दोघं कॉम्प्युटरवर. माझे दीर गुरुदत्त भावोजी तिला फोनवर सांगतात की वहिनींनी घर वाईट दिवसांत घेतलंय, लाभायचं नाही, त्यांच्यामागे ठेवू नकोस. म्हणून ते कसं घेतलं ते इथेच लिहिते. मी गेल्यावर कोणी वेगळं सांगायला नको.

आम्ही दोघं भावोजींच्या बेसमेंटमध्ये राहत होतो. त्यांनी ते मनापासून दिलं, मी नाही म्हणत नाही. पण बेसमेंट ते बेसमेंट. आमचे हे हॉटेलच्या लाँड्रीत, मी म्हाताऱ्यांच्या होममध्ये किचनला. बँक दारात उभी करेना. तेव्हा लार्सन भेटला. त्याचं हे घर रेंट-टू-ओन होतं. म्हणजे आधी भाड्याने राहायचं, भाड्यातला थोडा भाग किमतीत धरायचा, किंमत आजच ठरवायची, आणि तीन वर्षांच्या आत कर्ज काढून घर आपलं करायचं. तारीख चुकली तर घर त्याचं आणि भरलेलंही त्याचं.

करार एक ऑक्टोबर २००२ पासून. भावोजींनी पंचांग काढलं. "वहिनी, पितृपक्ष चालू आहे. घटस्थापनेला जा." तेव्हा मी ऐकलं. लार्सनने ह्यांना विचारलं, भाडं भरता आणि घर रिकामं का? ह्यांनी त्याला कौतुकाने सगळं समजावलं, की या पंधरवड्यात आमची माणसं घर घेत नाहीत, सही करत नाहीत. लार्सन मान हलवत होता. चांगलं लक्षात ठेवलं त्याने.

पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात हे गेले. भाडेकरू म्हणूनच गेले.

२००५ साली बँकेने मला हो म्हटलं. मुदत तीस सप्टेंबर. आणि पितृपक्ष बरोबर त्याच्या पलीकडे, ऑक्टोबरात संपणारा. तोवर तळ्याकाठच्या घरांचे भाव कुठच्या कुठे गेले होते. लार्सन काचेच्या डिशमध्ये सफरचंदाचा पाय, म्हणजे सफरचंद भरून भाजलेला त्यांच्यातला गोड पदार्थ, घेऊन आला. "नो हरी, मिसेस खांबेटे. युअर होली डेज फर्स्ट." भावोजी तिथेच बसले होते, ते विरघळलेच.

"बघा वहिनी. परका माणूस, पण केवढा मान ठेवतो."

"मग मुदत वाढवली असं लिहून दे म्हणावं."

लार्सन हसला. आपल्यात कागद कशाला, म्हणाला. चहा न घेता गेला. मला तेवढं पुरे झालं.

मी अठ्ठावीस तारीख घेतली. भावोजी म्हणाले, "वहिनी, भलतंसलतं करू नका. त्या दिवशी दादाचं श्राद्ध."

"आहे ना. सकाळी श्राद्ध, दुपारी सही."

"घर लाभणार नाही."

"आणि तीस तारखेनंतर रस्ता लाभेल?"

सकाळी खीर केली, वडे तळले, पान वाढून तळ्याच्या डॉकवर, लाकडी धक्क्यावर, ठेवलं. कावळा आला नाही. बदक आलं आणि वड्यापासून सुरुवात केली. ह्यांचीही तीच सवय. मग वल्लरीने गाडी काढली. ही युनिव्हर्सिटीत शिकणारी मुलगी माझ्या वरच्या खोलीत राहते. भावोजी आले नाहीत.

लार्सन टेबलापलीकडे बसला होता. मला बघून त्याचा चेहरा उतरला. "बट युअर होली डेज?" म्हणाला. मी म्हटलं, "दीज डेज, डेड पीपल कम होम. सो आय नीड होम." त्याला सही करावी लागली. संध्याकाळी मी स्वतःच्या दारातून आत आले. ह्यांच्या फोटोसमोर किल्ली ठेवली आणि उरलेले वडे खाल्ले.

तर रेणू, घर वाईट दिवसांत घेतलेलं नाही. घरची माणसं हजर असताना घेतलेलं आहे. विकायचं तर विक, मी वरून बघत बसणार नाही. पण पितृपक्षात सही करायला जो तयार असेल, त्यालाच विकायचं.

दोन. वल्लरीचं शिक्षण संपेपर्यंत तिला खोलीतून हलवू नये, भाडंही वाढवू नये. तळणीची कढई तिला. पाटल्या रेणूला. बर्फाचं फावडं कोणी मागणार नाही, ते दारामागेच राहू दे.

तीन. माझ्यामागे भाषणं नकोत, हॉल नको. वर्षातून एकदा डॉकवर पान ठेवावं. तिथी चुकली तरी चालेल, वडे गरम असावेत.

चार. लार्सनची पायची काचेची डिश माझ्याकडेच राहिली आहे. ती धुऊन परत करावी. आमच्यात रिकामं भांडं परत देत नाहीत, म्हणून त्यात श्राद्धाचे वडे घालावेत. काय आहे विचारलं तर खरं सांगावं.

पाच. गुरुदत्त भावोजींना काहीही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकीलबाई म्हणते, आणि मला साक्षीला तेच हवेत. ते आत्ता समोर बसलेत, त्यांची बायको शोभनाही आहे. भावोजी म्हणतायत, "वहिनी, आठवडाभराने केली असती सही. अमावास्या होऊ द्यायची."

मी म्हटलं, "पेन उघडा, भावोजी."

उघडलं.

सही: सुवर्णा त्र्यंबक खांबेटे

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. गुरुदत्त खांबेटे, दीर
२. शोभना गुरुदत्त खांबेटे, जाऊ

ठिकाण: माझं घर
तारीख: ३ ऑक्टोबर २००७, पितृपक्ष